पावसाचे पाणी : कुठे अडवायचे, कुठे जिरवायचे, उरलेले कुठून सोडायचे

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छप्पर, फरशी आणि गाड्या लावायची जागा मिळून ८०० चौरस मीटर झाले आणि २५ मिलिमीटरची सर आली, तर २०,००० लिटर पाणी एका ठिकाणाहून बाहेर पडू पाहते. तिथे बांधकाम नव्हते तेव्हा याच सरीतले बरेचसे पाणी माती आणि मुळे पिऊन टाकत होती.

पावसाळी गटाराचा जुना विचार एवढाच होता की पाणी लवकरात लवकर हद्दीबाहेर काढा. त्याने आपले अंगण कोरडे राहते, पण खालच्या वस्तीत पूर वाढतो, ओढ्याचे काठ खचतात, भूजलाचे पुनर्भरण घटते आणि रस्त्यावरचे तेल, धूळ, रबराचा चुरा थेट नदीत जातो. म्हणून शाश्वत आराखड्यात एकाच वेळी तीन गोष्टी सांभाळायच्या असतात : एकूण किती पाणी बाहेर जाते, किती वेगाने जाते आणि किती घाण घेऊन जाते. नवखे डिझायनर बहुतेक वेळा मधल्या गोष्टीवरच थांबतात, आणि मग मोठी टाकी बांधूनही ओढा खचतच राहतो.

आधीच सांगून ठेवतो : या कामात आकडेमोड चुकल्यामुळे बिघडलेली कामे थोडी असतात. बिघडतात ती लेव्हल चुकल्यामुळे आणि माती दाबली गेल्यामुळे. खाली या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे ती म्हणूनच.

पायरी १ : पाऊस पडत असताना जागेवर जा

नकाशा कितीही चांगला असला तरी भर पावसात तासभर फिरल्यावर जे दिसते ते त्यात नसते. वरच्या बाजूने कोणाचे पाणी आपल्यात शिरते, ते कोणत्या वाटेने जाते, कुठे थबकते, शेवटी कुठून बाहेर पडते, हे बाणांनी कागदावर काढा. नंतर सर्व्हे करून घ्या. सपाट जागेसाठी समोच्च रेषांमधले अंतर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नको, पाव मीटर मिळाले तर उत्तम.

या नकाशावर चार गोष्टी रंगवा. बाहेरून येणारे स्वच्छ पाणी : याला आपल्या रचनेत, म्हणजे पाणी अडवायच्या-मुरवायच्या बांधकामात, घ्यायचे नाही, बाजूच्या चराने वळवून पुढे सोडायचे. नैसर्गिक सखल रेषा : ती बांधकामासाठी वापरायची नाही, कारण अतिवृष्टीत पाणी तिथूनच जाणार आहे. जमिनीखालच्या केबल आणि पाईप. आणि चौथी, सर्वांत उपयोगाची : कोणते छप्पर, कोणती फरशी थेट गटाराला जोडलेली आहे आणि कोणाचे पाणी आधी मातीवरून वाहते. थेट जोडणी तोडून पन्हाळीचे पाणी गवतावर पसरवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मोठमोठी रेखाटने करण्याआधी तो संपवा.

पायरी २ : मातीला विचारा

पाणी किती वेगाने मुरते हे मातीच्या नावावरून ठरवू नका. चाचणी करा, आणि ती रचनेचा तळ जिथे येणार आहे त्या खोलीवर करा. वरचा अर्धा मीटर भुसभुशीत आणि खाली घट्ट चिकणमाती, असे कितीतरी ठिकाणी आढळते.

१. ठरलेल्या खोलीवर साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचा खड्डा घ्या. फावड्याने कडा गुळगुळीत झाल्या असतील तर खरवडून खडबडीत करा, नाहीतर चिकणमातीचा लेप पाणी अडवतो.
२. तळात ५ सेंटीमीटर बारीक खडी टाका, म्हणजे पाणी ओतताना तळ उकरला जाणार नाही.
३. खड्डा भरून किमान चार तास, शक्यतो रात्रभर माती भिजू द्या. कोरड्या मातीवर घेतलेले आकडे फसवे असतात.
४. पुन्हा १५ सेंटीमीटर पाणी भरा आणि दर अर्ध्या तासाने, वाळू असेल तर दर दहा मिनिटांनी, पातळी किती उतरली ते लिहा. सलग तीन नोंदी सारख्या आल्या की तो दर धरा.

खड्ड्याच्या बाजूंनीही पाणी झिरपत असल्यामुळे हा दर खऱ्यापेक्षा जास्त येतो. शिवाय वर्षानुवर्षे गाळ बसून तो घटणारच असतो. म्हणून आलेल्या आकड्याचे निदान निम्मे करूनच डिझाइनमध्ये घ्या. मोठ्या कामाला दोन कड्यांचे उपकरण वापरा, कारण बाहेरच्या कड्यातले पाणी बाजूची गळती सांभाळते आणि आतल्या कड्यात सरळ खाली जाणारा दर मिळतो. प्रत्येक नियोजित जागी किमान दोन खड्डे हवेत.

मोजलेला दर ताशी १३ मिलिमीटरच्या वर असेल तर सहसा खाली निचऱ्याचा पाईप न घालता काम भागते. त्याखाली असेल तर छिद्रांचा पाईप घालावा लागतो. याचा अर्थ जागा बाद झाली असा नाही. पाणी गाळले जाते, उशिरा बाहेर पडते, थोडे मुरतेही.

काही ठिकाणी मुरवूच नये : इमारतीच्या पायापासून ३ मीटरच्या आत, पिण्याच्या विहिरीपासून ३० मीटरच्या आत, इंधन किंवा रसायने हाताळली जातात तिथे, आधीच दूषित झालेल्या जमिनीत, तीव्र उताराच्या माथ्यावर, आणि पाण्याने फुगणाऱ्या काळ्या मातीत पायाजवळ. रचनेच्या तळापासून पावसाळ्यातल्या भूजल पातळीपर्यंत निदान ०.६ ते १.२ मीटर अंतर हवे. कोरड्या दिवसांत ही पातळी दिसत नाही, पण खड्ड्याच्या भिंतीवर राखाडी आणि तांबूस ठिपक्यांचा पट्टा असेल तर पाणी दरवर्षी तिथपर्यंत चढते असे समजा.

पायरी ३ : कोणत्या पावसासाठी बांधायचे

एकच पाऊस धरून आराखडा होत नाही. तीन धरावे लागतात. नेहमीची लहान सर जागेवरच जिरवायची. १० वर्षांच्या परतीच्या काळातला पाऊस वेग कमी करून सुरक्षित पुढे न्यायचा. १०० वर्षांचा पाऊस कोणाच्या घरात न शिरता कोणत्या वाटेने जाईल ते ठरवायचे.

लहान सरीचा आकडा काढण्यासाठी जवळच्या पर्जन्यमापकाच्या २० ते ३० वर्षांच्या रोजच्या नोंदी घ्या. अपधाव (न मुरता वाहून जाणारे पाणी) होतच नाही असे २-३ मिलिमीटरपर्यंतचे दिवस वगळा, उरलेले चढत्या क्रमाने लावा आणि ९० टक्के दिवस ज्या आकड्याच्या आत बसतात तो निवडा. अमेरिकेतल्या अनेक मार्गदर्शिकांत तो २५ मिलिमीटरच्या आसपास येतो. मुसळधार पावसाच्या प्रदेशात तो बराच मोठा निघतो. दुसरीकडचा आकडा उचलून आणणे ही इथली सर्रास होणारी चूक.

परतीच्या काळाबद्दलही गैरसमज असतो. १० वर्षांचा पाऊस म्हणजे दहा वर्षांतून एकदाच नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता १० टक्के असते, आणि ३० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता ९६ टक्के. १०० वर्षांचा पाऊससुद्धा ३० वर्षांत येण्याची शक्यता २६ टक्के आहे. उरलेल्या पाण्याची वाट ठरवल्याशिवाय आराखडा पुरा होत नाही तो यासाठीच.

प्रवाहाचा जास्तीत जास्त वेग (सेकंदाला किती पाणी) काढायला लहान क्षेत्रासाठी रॅशनल पद्धत पुरते : अपधाव गुणांक (पावसातला वाहून जाणारा वाटा) गुणिले पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येते. छप्पर आणि डांबरासाठी गुणांक ०.९ च्या आसपास, हिरवळीसाठी माती आणि उतार पाहून ०.०५ ते ०.३५. तीव्रता घेताना सर्वांत लांबच्या कोपऱ्यातले पाणी बाहेर पडायच्या तोंडाशी यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळाची घ्या. छोट्या जागेत हा वेळ जेमतेम ५-१० मिनिटे असतो. तिथे तासाची सरासरी वापरली तर पाईप हमखास लहान पडतो.

ही पद्धत फक्त वेग सांगते, साठा सांगत नाही. साठ्यासाठी अमेरिकेच्या मृदासंधारण खात्याने १९५० च्या दशकात तयार केलेली कर्व्ह नंबर पद्धत चालते. तिच्यात जमिनीच्या प्रकाराला एक क्रमांक असतो, तो जितका मोठा तितके जास्त पाणी वाहते. पण तिच्यात एक फसगत आहे. ५० मिलिमीटर पावसात ९८ क्रमांकाच्या फरशीवरून सुमारे ४४ मिलिमीटर पाणी वाहते, तर ६१ क्रमांकाच्या चांगल्या हिरवळीवरून दोन मिलिमीटरही नाही. जागा निम्मी निम्मी असेल तर वेगवेगळा हिशेब करून सरासरी २३ मिलिमीटर येते. त्याऐवजी आधी क्रमांकांची सरासरी काढून सूत्रात टाकली तर उत्तर १३ मिलिमीटर येते. जवळजवळ निम्मे पाणी कागदावरच गायब! पक्के आणि कच्चे क्षेत्र नेहमी वेगळे मोजा.

जागा अनेक हेक्टरांची, पाईपांचे जाळे आणि तलाव एकमेकांशी जोडलेले असे असेल तर स्वॅम (SWMM) हे पावसाळी पाण्याच्या प्रवाहाचे संगणक प्रारूप शिका. १९७१ पासून ते विकसित होत आले आहे आणि मोफत मिळते. पण हातचा हिशेब आधी, प्रारूप नंतर.

पायरी ४ : एक पाऊसबाग मोजून पाहू

पाऊसबाग म्हणजे वाहून आलेले पाणी साठवून, गाळून मुरवणारी खोलगट बाग. उदाहरणात छप्पर आणि फरशी मिळून ८०० चौरस मीटर, हिरवळ ४०० चौरस मीटर. जिरवायची सर २५ मिलिमीटर. पक्क्या भागातून येणारे पाणी : ८०० × ०.०२५ × ०.९५ = १९ घनमीटर.

पाऊसबागेत पाणी तीन थरांत राहते. वर उघड्यावर २०० मिलिमीटर. त्याखाली ६०० मिलिमीटर गाळण माती, तिच्यातली वापरता येणारी पोकळी २० टक्के धरली तर १२० मिलिमीटर. तळाला ३०० मिलिमीटर धुतलेली एकसारख्या आकाराची खडी, पोकळी ४० टक्के, म्हणजे आणखी १२०. एकूण ४४० मिलिमीटर पाणी. १९ भागिले ०.४४ म्हणजे साधारण ४३ चौरस मीटर. पक्क्या क्षेत्राच्या साडेपाच टक्के आले. ५ ते १० टक्क्यांच्या नेहमीच्या पट्ट्यात हे बसते.

आता रिकामे व्हायला किती वेळ? चाचणीत ताशी ३० मिलिमीटर मिळाले असतील तर डिझाइनला १५. वरचे साचलेले २०० मिलिमीटर १३ तासांत उतरते, सगळे ४४० मिलिमीटर २९ तासांत. ठीक आहे. उघडे पाणी ४८ तासांच्या आत दिसेनासे व्हायला हवे : पुढच्या सरीसाठी जागा लागते, मुळांना हवा लागते, आणि डासांना अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उष्ण हवेत आठवडाभर लागतो, तेवढी उसंत त्यांना मिळू द्यायची नाही. हाच दर ताशी ४ मिलिमीटर असता तर डिझाइनला २ उरले असते आणि रिकामे व्हायला नऊ दिवस लागले असते. तिथे खडीच्या थरात १०० ते १५० मिलिमीटरचा छिद्रांचा पाईप आवश्यक आहे. तो तळापासून थोडा वर उचलून ठेवला तर खालचे पाणी सावकाश मुरते आणि त्या प्राणवायू नसलेल्या थरात नायट्रेटही कमी होते.

शेवटी जोराचा पाऊस तपासा. ताशी १०० मिलिमीटर तीव्रतेला ८०० × ०.९ अधिक ४०० × ०.२५, म्हणजे ८२० चौरस मीटरचे पाणी, सेकंदाला सुमारे २३ लिटर येते. या वेगाने आपली १९ घनमीटरची बाग १४ मिनिटांत भरते. पुढचे सगळे पाणी उभ्या ओव्हरफ्लो पाईपातून जाणार. ३०० मिलिमीटर व्यासाच्या उभ्या पाईपाच्या तोंडावर यासाठी साधारण ६० मिलिमीटर पाणी चढते. पानांनी निम्मी जाळी बुजली तर ९० पेक्षा थोडे जास्त. पुढचा आडवा पाईप एक टक्का उताराने १५० मिलिमीटरचा घेतला तर तो जेमतेम १८ लिटर वाहील. २०० चा घ्या, तो ३८ लिटरपर्यंत पुरतो.

पायरी ५ : लेव्हलचा कागद

वरचा सगळा हिशेब बरोबर आणि लेव्हल ५० मिलिमीटरने चुकली, तर बाग कोरडी आणि रस्ता ओला असे होते. म्हणून प्रत्येक रचनेसाठी एका पानावर उंच्यांची यादी करा. वरच्याच बागेची, फरशीची कड १०० मीटर धरून, अशी होईल (आकडे मीटरमध्ये) :

- फरशीची कड : १००.०००
- पाणी आत येण्याची खाच : ९९.९५०
- ओव्हरफ्लो पाईपाचे तोंड : ९९.८५०
- आच्छादनाचा पृष्ठभाग : ९९.६५०
- गाळण मातीचा माथा : ९९.६००, तळ ९९.०००
- मधला बारीक खडीचा थर १०० मिलिमीटर, तळ ९८.९००
- मोठ्या खडीचा तळ, म्हणजेच खोदाईचा तळ : ९८.६००
- भोवतालचा बांध : १००.०५०, त्यात इमारतीच्या विरुद्ध बाजूला आणीबाणीचा सांडवा : ९९.९७०

इथे प्रत्येक आकड्याला कारण आहे. खाच कडेपेक्षा ५० मिलिमीटर खाली ठेवली नाही तर काही महिन्यांत गवत आणि गाळ मिळून तिथे छोटा बांध घालतात आणि पाणी पुढे निघून जाते. खाचेची रुंदी ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, एका फांदीने ती तुंबते. ओव्हरफ्लोचे तोंड मातीच्या पातळीला बसवले, जे गवंडी सवयीने करतात, तर साठा शून्य होतो : पाणी येते तसे पाईपात जाते. जाळी निम्मी बुजली तरी पाणी ९९.९४५ च्या आसपास थांबते आणि खाचेतून उलटे फिरत नाही. ओव्हरफ्लो पूर्ण बंद पडलाच तर सांडवा फरशीवर पाणी चढण्याआधी वाहू लागतो. इमारतीचे जोते या सांडव्यापेक्षा निदान ३०० मिलिमीटर उंच असावे.

गाळण माती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड अंथरू नका. बारीक कण त्यावर बसून ते बुजते आणि दुरुस्तीसाठी अख्खी बाग उकरावी लागते. त्याऐवजी बारीक खडीचा १०० मिलिमीटर थर पुरेसा असतो. गाळण मातीत वाळू ६० ते ८० टक्के, बाकी पोयटा आणि पूर्ण कुजलेले कंपोस्ट घ्या. चिकणमाती ५ टक्क्यांच्या आत ठेवा. झाडे जोमाने वाढावीत म्हणून कंपोस्ट वाढवण्याचा मोह होतो, पण जास्तीच्या कंपोस्टमधून फॉस्फरस आणि नायट्रोजन धुऊन बाहेर जातात. पाणी स्वच्छ करायला बांधलेली बागच मग ते दूषित करते.

इतर साधने, थोडक्यात

गवताचा चर पाणी नेता नेता गाळतो. तळ ०.६ ते २.४ मीटर रुंद, बाजू १:३ किंवा त्याहून सपाट, उतार १ ते २ टक्के. जास्त उतार असेल तर आडवे छोटे बांध घाला. गवत १०० मिलिमीटरपेक्षा आखूड कापू नये.

सच्छिद्र फरसबंदीखाली ३०० मिलिमीटर खडी म्हणजे १२० मिलिमीटर पाण्याची जागा, पण फक्त तळ सपाट असेल तरच. २० मीटर लांबीत २ टक्के उतार असला तर दोन टोकांत ४०० मिलिमीटरचा फरक पडतो, सगळे पाणी खालच्या टोकाला जमते आणि वरची खडी कोरडी राहते. तळाला पायऱ्या करा किंवा आडव्या भिंती घाला. सांधे बारीक खडीनेच भरायचे असतात. सवयीने वाळू झाडून घातली की फरशी पहिल्याच दिवशी साधी फरशी होते.

तलावाचे तंत्र वेगळे आहे, इथे दोनच मुद्दे सांगतो. तोंडाशी एकूण साठ्याच्या दहा टक्के आकाराचा गाळखड्डा हवा आणि तिथपर्यंत यंत्र जायला वाट हवी, नाहीतर गाळ कधीच निघत नाही. आणि बाहेर सोडायचे छिद्र ७५ मिलिमीटरपेक्षा लहान ठेवले तर ते कचऱ्याने बुजते. या छिद्रातून अर्धा मीटर पाण्याच्या दाबाला सेकंदाला ८ लिटर जातात. याहून कमी सोडायचे बंधन असेल तर छिद्राला खडीच्या गाळणीआड लपवा.

पायरी ६ : बांधकामाचा क्रम

मुरवण्याची जागा पहिल्या दिवशी कुंपण घालून बंद करा. तिथे सिमेंटच्या गोण्या नकोत, गाड्या नकोत, खडीचे ढीग नकोत. अवजड यंत्र काही वेळा फिरले तरी मातीतली पोकळी दबते, आणि चाचणीत मिळालेला दर कितीतरी पटींनी खाली येतो. खोदाई करताना यंत्र कडेला उभे राहून हात आत घालेल असे पाहा. तळ ओला असताना खोदू नका. शेवटी बकेटच्या दातांनी तळ १५ ते २० सेंटीमीटर खरवडून मोकळा करा.

दुसरा नियम : भोवतालची सगळी उघडी माती झाकली गेल्याशिवाय, म्हणजे फरशी पुरी होऊन आणि गवत धरून झाल्याशिवाय, पाऊसबागेत गाळण माती भरू नका. बांधकामाच्या मातीचा एक लोंढा आत आला की बाग बुजलीच म्हणून समजा. गाळण माती २०० ते ३०० मिलिमीटरच्या थरांत टाका, रोलर न फिरवता पाणी मारून बसू द्या, आणि खाली बसेल तेवढी थोडी वर भरा. प्रत्येक थरानंतर लेव्हल लावा. २५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पुढे जाऊ नका.

आच्छादन ५० ते ७५ मिलिमीटर, जाडसर लाकडी तुकड्यांचे. हलका भुसा पहिल्या पावसात तरंगून ओव्हरफ्लोच्या जाळीवर जाऊन बसतो. झाडे अशी निवडा जी दोन दिवस पाण्यात आणि नंतर काही आठवडे कोरड्यात तग धरतील. मोठ्या मुळांची झाडे छिद्रांच्या पाईपावर लावू नका. पाईपाच्या टोकांना आणि वळणांना जमिनीवर येणारी साफसफाईची तोंडे ठेवा.

पायरी ७ : देखभाल नकाशातच लिहा

कोण, कधी, कशाने, हे तिन्ही शब्द आराखड्यावर हवेत. पहिल्या वर्षी प्रत्येक मोठ्या पावसानंतर, पुढे वर्षातून निदान दोनदा : खाचेतला गाळ काढणे, जाळी साफ करणे, धूप झालेली जागा दगडांनी बांधणे, आच्छादनाची भर घालणे. सच्छिद्र फरशीला वर्षातून दोनदा व्हॅक्यूम यंत्र. झाडू फिरवला तर कचरा सांध्यात आणखी खोल जातो. खते टाकू नका.

बागेत एक मोजपट्टीचा खांब रोवा, शून्य आच्छादनाच्या पातळीला. मोठी सर थांबल्यावर पातळी आणि वेळ लिहा, सहा तासांनी पुन्हा लिहा, ४८ तासांनी शेवटचे पाहा. वरच्या उदाहरणात उघडे पाणी १३ तासांत उतरायला हवे होते. ते ३० तास घेऊ लागले तर वरचे ५० ते ७५ मिलिमीटर माती-आच्छादन काढून बदला, बहुतेक वेळा बुजलेला थर एवढाच असतो. तरीही पाणी उतरत नसेल तर साफसफाईच्या तोंडातून पाईपात पाण्याचा जोर मारा, आणि त्यानंतरच खोदायला घ्या.